जेवढे असतील तेवढे

१

आमच्या न्याओरा घाटावर दुपारचा चहा झाला की होडीवाले खिशातून फोन काढतात. ही सवय त्यांना अपोंडीने लावली. एका हातात चहाचा पेला, दुसऱ्या हातात फोन, आणि तिने बनवलेली साइट उघडून बघायची : आज सरोवरावर वारा कसा, लाट किती, गडगडाट आहे का. ओमेना ही आमची बोटभर लांबीची चंदेरी मासळी. ती अंधाऱ्या रात्री, तरंगत्या कंदिलांच्या उजेडाला भुलून जाळ्यात येते. त्यामुळे होड्या उन्हं उतरताना निघतात, आणि निघण्याआधी सगळे एकदा साइट बघतात. साइट नव्हती तेव्हा आकाश बघायचे. आकाश बघून गेलेले पुष्कळ जण परत आले नाहीत.

साइटवर दुसरं एक पान आहे, त्याला आम्ही फळा म्हणतो. निघताना होडीवाल्याने फोनवर 'निघालो' दाबायचं, की त्याच्या नावाची ओळ लाल होते. परतल्यावर 'पोचलो' दाबायचं, की ओळ हिरवी होते आणि आमच्या कचेरीत संगणकावर घंटा वाजते. 'पोचलो' दाबायचं ते ज्याचं त्यानेच, स्वतःच्या फोनवरून. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून ओळ हिरवी होतच नाही. अपोंडीने हा नियम फळा नवा असतानाच्या एका अनुभवावरून केला. कुणीतरी भल्या मनाने सांगितलं होतं की सरोवरात हरवलेल्या ओटुलाची होडी पलीकडच्या घाटाला लागलेली बघितली. शोध थांबवला. ती होडी दुसऱ्याच कुणाची निघाली. फक्त निळा रंग तसाच होता. ओटुला परत आलाच नाही.

घंटा वाजली की कचेरीत जो असेल त्याने खाली जाऊन होडी वर ओढायला खांदा द्यायचा. हा नियम अपोंडीचा नव्हे. तो घाटाचा, फार जुना.

मी पूर्वी मासळीच्या काट्यावर वजन करायचो. गुडघे गेल्यापासून कचेरीत बसून वाऱ्याच्या नोंदी साइटवर चढवतो. सगळे मला म्झे झाकायो म्हणतात; म्झे म्हणजे वडीलधारा. संगणक मला अपोंडीने शिकवला. चिडली नाही, हसली नाही, एकच गोष्ट चार वेळा विचारली तरी चौथ्यांदा पहिल्यासारखीच सांगितली.

मोठा पाऊस लागायच्या आधीच्या त्या दिवसांत साइट पडायला लागली. रोज, नेमकी चहाच्या वेळी.

२

पहिल्या दिवशी मला वाटलं, आमचंच नेट गेलं. पान पांढरं, मधे एक ओळ : सेवा सध्या उपलब्ध नाही. मी एका पोराला छपरावर चढवून सौर पाट्या पुसून घेतल्या. उन्हं कलली तशी साइट आपोआप उठली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी खालून होडीवाले ओरडायला लागले, "म्झे, झोपलात का? वारा कुठाय आमचा?"

ज्या कंपनीच्या सर्व्हरवर आमची साइट ठेवलेली आहे तिला मी फोन लावला. नैरोबीहून नेव्हिल नावाचा माणूस बोलला.

"म्झे, आधी अभिनंदन!"

"कशाबद्दल?"

"तुमची साइट पळतेय!"

"पळत नाही बाबा, पडलीय."

"तेच ते. इतके लोक येतायत की तुमच्या छोट्या प्लॅनला झेपत नाहीत. मटाटू गाडीत चौदा जणांची जागा, तुम्ही अख्खं वऱ्हाड कोंबलंय. मोठा प्लॅन घ्या, सगळे आरामात बसतील."

"आमच्या घाटांवर एवढ्या होड्याच नाहीत."

"होड्यांचं मला माहीत नाही, माणसं आहेत. सगळी एकदम येतात, फळा नावाचं पान उघडतात आणि जात नाहीत. असं गिऱ्हाईक लोकांना पैसे टाकून मिळत नाही हो."

तो खरोखर खूश होता. त्यानंतर रोज त्याचे निरोप यायला लागले. आज घेतलात तर सवलत. उद्यापर्यंतच. तुमचे पाहुणे ताटकळतायत.

तो 'ताटकळतायत' हा शब्द मला आवडला नाही. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

३

अपोंडी किसुमू शहरात रेडिओ आणि फोन दुरुस्त करायची. तिथली चालती टपरी सोडून ती घाटावर परत आली आणि कुणी न सांगता साइट बांधायला बसली. लोक हसायचे. सगळ्यात जास्त हसायचा तिचा धाकटा भाऊ, ओयुगी.

"ताई, तुझं यंत्र वाऱ्याला फोन करून विचारतं का?"

पण फळा तयार झाला तेव्हा पहिला 'निघालो' त्यानेच दाबला. रोज दाबायचा. एका संध्याकाळी जरा लवकर निघाला. इशारा लागला तेव्हा तो पार पुढे गेला होता. त्याची ओळ तेव्हापासून लाल आहे. फळ्याच्या तळाशी अशा आणखीही ओळी आहेत, आमच्या आणि शेजारच्या घाटांच्या.

देह मिळाला नाही की आमच्यात यागोचं फळ पुरतात. झाडाला दोरीने टांगल्यासारखं लोंबणारं, लांबट, माणसाच्या दंडाएवढं जड फळ. कापडात गुंडाळून, रडून, रीतसर त्या माणसाच्या जागी पुरायचं. ओयुगीचंही पुरलं. यागो पुरल्यावर तो माणूस गेला. नंतर तसा कुणी फाटकाशी आलाच तरी आत घ्यायचा नाही, नावाने हाक मारायची नाही. कारण तो तो नसतो.

साइट रोज पडायला लागल्यावर घाटाच्या समितीची बैठक झाली. वजनकाट्याच्या पत्र्याखाली बाकं मांडली होती. अध्यक्ष दालमास, म्हणजे अपोंडीचे सख्खे काका.

"मोठ्या प्लॅनला पैसा कुठून आणायचा?" दालमास म्हणाले. "बचावाच्या होडीचं पेट्रोल बंद करू? बुडणाऱ्याला साइट दाखवू?"

लोक हसले.

"कंपनीवाला म्हणतो सगळे फळाच बघतात," दालमास पुढे म्हणाले. "मग त्या जुन्या लाल ओळी काढून टाक, पोरी. मेलेल्यांची नावं बघायला जग लोटलंय, दुसरं काय! तो जमिनीत पुरलाय आणि तुझ्या फळ्यावर अजून यायचाय? एकच माणूस दोन ठिकाणी कसा?"

"काका," अपोंडी म्हणाली, "जमिनीत फळ पुरलंय."

कोपऱ्यात एका बाईने हात तोंडावर ठेवला.

"जीभ बघा हिची," दालमास म्हणाले, पण हळू. "शनिवारपर्यंत ओळी काढ. नाहीतर साइट बंद."

ओळी काढल्या नाहीत तर सगळ्या घाटांचा वारा बंद. ओळी काढल्या तर ओयुगी अपोंडीच्याच हाताने पुसला जाणार. ती उठली, सगळ्यांचे पेले गोळा केले आणि विसळायला गेली.

४

"रोबो असतील," मी अपोंडीला म्हणालो. हा शब्द मी नेव्हिलकडूनच शिकलो होतो. माणसं नसतात, यंत्रं असतात, उगाच पानं उघडत बसतात.

"मलाही तसंच वाटलं, म्झे. पण यंत्राला घाई असते. हे बघा."

पडद्यावर भेटी येताना दिसत होत्या. एक जण फळा उघडायचा. थांबायचा. बराच वेळ काही नाही. मग परत उघडायचा. माझी बायको दवाखान्यात होती तेव्हा मी भिंतीवरचं घड्याळ असंच बघायचो.

"कुठून येतायत?"

तिने नकाशा दाखवला. नकाशावर सगळं निळं होतं. ठिपके सरोवराच्या मधोमध, जिथे ना बेट आहे, ना टॉवर.

"नकाशे चुकतात," मी म्हणालो. नकाशे चुकतातच. आमचा घाट एका नकाशात डोंगरावर आहे.

तिने वाद घातला नाही. तिची हीच गोष्ट मला मोठी वाटते : स्वतःला जे वाटतंय त्याच्यावरही ती लगेच विश्वास ठेवत नाही. म्हणाली, "एक दिवस फळा लपवू. फक्त वाऱ्याचं पान ठेवू. काय होतं बघू."

होड्या मोजायला तेवढ्यापुरती तिने भिंतीवर खडूने नावं लिहिली. त्या दुपारी साइट पडली नाही. होडीवाल्यांनी वारा बघितला, चहा संपवला, निघाले. दालमासनी खूश होऊन गरम तळलेले मंदाझी पाठवले. मी दोन खाल्ले. अपोंडीने एक हातात धरून ठेवला आणि खिडकीतून पाण्याकडे बघत राहिली.

सकाळी किनाऱ्यावर गर्दी दिसली म्हणून मी काठी टेकत खाली उतरलो. आमच्याकडे प्रत्येक होडीचा वाळूत एक खुंट असतो, त्यावर नाव कोरलेलं. होडी परत आली नाही तरी खुंट कुणी उपटत नाही; दोर वेटोळं करून त्याच्यावर टाकून ठेवतात. त्या सकाळी परत न आलेल्यांचे सगळे खुंट पाण्याच्या दिशेने वाकले होते. दोर उलगडून सरळ पाण्यात गेले होते, जलपर्णीच्या खाली, ताणलेले. बाजूचे इतर खुंट जसेच्या तसे ताठ.

"पाणघोडा आला असेल," मी म्हणालो.

"पाणघोडा नावं वाचतो?" अपोंडीने विचारलं.

तिने वाकून ओयुगीच्या दोरावर हात ठेवला. क्षणभरच. मग हात मागे घेतला, पोलक्याला पुसला आणि वर येऊन चहाच्या आधी फळा पुन्हा लावला.

५

त्याच दुपारी तिने स्वतः नेव्हिलला फोन केला. मलाही ऐकू यावं म्हणून फोन टेबलावर ठेवला.

"मॅडम! ठरवलंत शेवटी?"

"आधी मला सांगा, मोठ्या प्लॅनमध्ये एका वेळी किती जण आत येऊ शकतात?"

"मर्यादाच नाही! जेवढे असतील तेवढे."

"आणि आत्ता काय होतं?"

"आत्ता काय, बिचारे दाबत बसतात."

"काय दाबतात?"

"बटण. थांबा, बघून सांगतो... 'पोचलो' असं आहे. ते दाबतात, पण नोंद व्हायच्या आधी सर्व्हर बसतो. सगळे एकदमच दाबतात ना. मग परत दाबतात. रोज! चिकाटी बघा मॅडम. दुसरे असते तर केव्हाच सोडून गेले असते."

कचेरीत पंखा फिरत होता. बाहेर जाळ्यांवर ओमेना वाळत घातलेली होती आणि मराबू करकोचे तिच्याभोवती म्हाताऱ्या वकिलांसारखे फिरत होते. सगळं नेहमीचं होतं. मला माझ्या मानेवर गार वारा लागल्यासारखं वाटलं, म्हणून मी मागे बघितलं. मागे भिंत होती.

अपोंडीने नेव्हिलचे आभार मानले आणि फोन बंद केला.

"घेऊ नकोस," मी म्हणालो. "पोरी, ओळी काढून टाक आणि मोकळी हो. साइट हलकी होईल, वारा लोकांना मिळेल. कुणी तुला दोष देणार नाही."

"म्झे, कुणी दार वाजवलं तर तुम्ही काय करता?"

"कोण आहे ते विचारतो."

"नावं तर लिहिलेली आहेत." थोडं थांबून ती म्हणाली, "घराचं फाटक त्याला बंद केलं. तेव्हा मी काही बोलले नाही, ती रीत आहे. पण 'पोचलो' दाबेल त्याला खांदा द्यायचा, हीही रीतच आहे ना? ते एवढं एकच दार मी उघडं ठेवलंय."

कोपऱ्यात ताडपत्रीखाली ओयुगीचं यंत्र होतं, होडीला लावायचं, तो गेला तेव्हा दुरुस्तीसाठी मागे राहिलेलं. अपोंडी दर रविवारी ते उघडून वंगण घालायची. तो आला की लागेल म्हणून. मी त्यावरून तिला कधी छेडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा ताडपत्री घडी करून ठेवलेली होती आणि कोपरा रिकामा होता. जमिनीवर तेलाचा गोल डाग.

"विकलंस?"

"मोठ्या प्लॅनसाठी," ती म्हणाली. "पैसे कंपनीकडे पोचलेत. पण अजून चालू कर म्हटलेलं नाही. तुम्ही म्हणालात म्हणून आणखी एक दिवस विचार करते."

६

विचाराला दिवस मिळाला नाही. तो शुक्रवार होता. दुपारी नोंदी घेताना मला दिसलं की हवेचा दाब उतरतोय. मी दाबमापकाची काच पुसून परत बघितलं. दक्षिणेकडचं आकाश स्वच्छ होतं, नुसतं बघून कुणाला काही कळलं नसतं.

"अपोंडी."

ती आली, बघितलं, आणि उभ्या उभ्या इशारा लिहिला : कुणीही निघू नये. पाठवला. पान पांढरं झालं. सेवा सध्या उपलब्ध नाही.

खाली चहा संपत आला होता. मी खिडकीतून ओरडलो, आमच्या लोकांनी ऐकलं. पण किनाऱ्याने पुढे कितीतरी घाट आहेत. तिथे माझा आवाज पोचत नव्हता. ते सगळे त्या वेळी पांढरं पान बघत असणार, आणि पांढरं पान म्हणजे वारा नाही असं धरून चालणारे त्यांच्यात पुष्कळ.

अपोंडीने ओळींकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. फोन उचलला.

"नेव्हिल, चालू करा."

"मॅडम, सोमवारपासून सुरू केलंत तर एक महिना फुकट..."

"आत्ता. माणसं बुडतील."

त्याचा आवाज एकदम बदलला. "हो. हो मॅडम. करतो. धरा... झालं."

साइट उठली. लाल इशारा पानभर लागला. लगेच फोन यायला लागले. पलीकडच्या घाटावरून एक जण म्हणाला, होड्या पाण्यात घातल्या होत्या, परत ओढतोय. दुसरा म्हणाला, आमची एक पुढे गेलीय, पण तिच्यातल्या पोरांनी आत्ता इशारा बघितला, वळलेत. अपोंडी एकेकाचं ऐकत होती, विचारत होती, "तुझा भाऊ? तोही?" आणि खडूने भिंतीवरच्या नावापुढे खूण करत होती. मी आयुष्यात पुष्कळ बडी माणसं भाषण करताना बघितली. त्या दुपारी त्या पत्र्याच्या खोलीत खडू धरलेल्या त्या बाईएवढं मोठं कुणी मला दिसलेलं नाही.

शेवटचं नावही झालं. सगळ्या जिवंत होड्या वाळूवर होत्या.

मग घंटा वाजली.

मला वाटलं, ती वळलेली होडी असेल. पण भिंतीवर तिच्यापुढे खूण झालेली होती. मी पडद्याकडे बघितलं. फळ्याच्या तळाशी एक ओळ हिरवी झाली होती. ओटुला. जो फक्त त्याच्या फोनवरून हिरवा होऊ शकत होता, आणि तो फोन त्याच्याबरोबर गेला होता.

परत घंटा. परत. मग घंटेला मधे जागाच राहिली नाही, एकच लांब आवाज लागला. ओळी खालून वर हिरव्या होत गेल्या, जशा पहिल्या पावसानंतर टेकड्या होतात. सगळ्यात शेवटी ओयुगी. आवाज थांबला.

७

अपोंडीने चपला काढल्या.

"जाऊ नकोस," मी म्हणालो.

"घंटा वाजलीय, म्झे."

ती पायऱ्या उतरून गेली. मी उठलो नाही. गुडघ्यांचं कारण खरं होतं, पण पुरेसं नव्हतं.

खिडकीतून बघितलं. वादळाआधी पाण्यावरून चिलटांचे खांब उठतात, धुरासारखे. तसा एक धूर किनाऱ्यावर आला होता आणि त्याच्या मागे ऊन होतं. होडीवाले वर चहाच्या टपरीकडे पळाले होते. खाली कुणी नव्हतं. मला खुंट दिसले, त्यांचे दोर हवेत ताठ, थेंब गळत असलेले. वाळूत पाण्यापासून एक रुंद चर वर येत होता, होडी ओढताना पडतो तसा. अपोंडी त्या चराच्या बाजूला वाकलेली, खांदा पुढे, पाय रोवलेले. तिच्या पुढे आणि मागे तिने जागा सोडली होती. चार जण ओढताना शेजाऱ्याला कोपर लागू नये म्हणून जेवढी सोडतात तेवढी.

ओढतानाची हाक एक जण देतो आणि बाकीचे उत्तर देतात. हाक तिची होती. मला स्पष्ट ऐकू आली.

उत्तरही ऐकू आलं.

मी खिडकी लावून घेतली. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. नेव्हिल होता. त्याच्या आवाजात विकण्याचं काही नव्हतं.

"म्झे, तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना?"

"का रे?"

"नाही, मी बघत बसलो होतो. एवढे लोक होते... आत्ता एकदम सगळे गेले. एकसुद्धा नाही. नवा प्लॅन पूर्ण रिकामा आहे." तो थांबला. "म्झे, गेले कुठे ते सगळे?"

पत्र्यावर पावसाचे पहिले टपोरे थेंब पडले. पायऱ्यांवर पावलं वाजली, अनवाणी, ओली.

अपोंडी आत आली. उजवा खांदा भिजून काळा झालेला, त्यावर डांबराचा पट्टा. जुन्या होड्यांच्या तळाला असतो तसा. ती दमली होती, आणि तिचा चेहरा मी इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मोकळा बघितला.

"म्झे, चहा ठेवता?" ती म्हणाली. "गारठलेत."

"किती जणांचा?" माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं.

दार लावायला ती वळली नाही. पाठीने ते भिंतीपर्यंत रेटलं, स्वतः अंग चोरून बाजूला झाली आणि मागून येणाऱ्यांना वाट देतात तशी दार धरून उभी राहिली.

मी फडताळातून मोठं पातेलं काढलं, आणि दाराकडे न बघता त्यात पाणी ओतायला लागलो.